हरिभाऊंची अट

एप्रिल 2016, दुष्काळाचे दिवस. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, ढोकी करत लातूरला गेली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत 50 हजार लिटर पाणी. म्हणजे एकूण 5 लाख लिटर.

त्या गाडीचा एक हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं. म्हणजे साडेतीनशे किलोमीटरवरून आणलेलं ते सगळं पाणी अडीच एकर रानावर पडलेल्या 50 मिलिमीटर पावसाएवढं. आमच्या ढोकी-तेरच्या शिवारात एका जोरदार वळवाने तेवढं पाणी पडून जातं. पडतं, आणि चांगली माती बरोबर घेऊन तेरणा नदीच्या पात्राकडे पळतं.

पळणाऱ्या याच पाण्याच्या मागे एक स्विस माणूस लागला होता. फादर हर्मन बाचर. जन्म 1924 चा, स्वित्झर्लंडमधला. येशूसंघाचा हा कॅथलिक धर्मगुरू 1948 मध्ये भारतात आला आणि नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांत रुळला. नगरची माणसं त्याला हरिभाऊ म्हणू लागली. बर्फाच्या डोंगरांतून आलेल्या माणसाला गावाने असं घरातलं नाव द्यावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

साठच्या दशकात त्यांनी नगरला सोशल सेंटर उभं केलं. सुरुवातीचं काम ओळखीचं होतं. विहिरी खोदून द्यायच्या, उपसा सिंचन करायचं, संकरित गायी आणायच्या. युरोपातली साधी कॅथलिक घरं ईस्टरआधीच्या उपवासकाळात खर्च आवरून जी वर्गणी देत, ती अशाच कामांसाठी जगभर जात असे. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा या मदतीचं मोल गावोगाव कळलं.

पण विहीर होते ती कोणाच्या तरी रानात. ज्याचं रान, तो सावरला. भूमिहीन होता तिथेच राहिला. शिवाय विहिरी वाढल्या तरी जमिनीतलं पाणी वाढलं नव्हतं, ते फक्त जास्त ठिकाणांहून उपसलं जात होतं. कोरड्या विहिरीत टाकलेला पैसा, मग तो कितीही श्रद्धेने आलेला असो, कोरडाच. बाचर यांनी आपल्याच कामाकडे असं रोखून पाहिलं आणि वाट बदलली. त्यांचं मोठेपण मला इथे दिसतं. दान देणारे पुष्कळ असतात, आपल्या दानाची चूक कबूल करणारे थोडे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पाणलोटाकडे, म्हणजे पडणारं पाणी शिवारातच अडवण्याकडे वळले. त्यातून जर्मन सरकारच्या मदतीने आणि नाबार्डच्या साथीने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था काढली.

कार्यक्रमाची खरी ताकद पैशात नव्हती, अटीत होती. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, मग निधी. शिवारात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. पाणलोट समिती गावानेच निवडायची. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे धर्मांतराची शंका आधी येते. पण इथे करार सगळ्या गावाशी होता, आणि माथ्यावर अडवलेलं पाणी खाली कोणाच्या विहिरीला जाईल हे जातधर्म पाहून ठरत नाही.

काम माथ्यापासून पायथ्याकडे. समपातळीची रेषा काढायला हायड्रोमार्कर वापरतात. खुणा केलेल्या दोन काठ्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी आणि नळीत पाणी. दोन माणसं एकेक काठी धरून उतारावर उभी राहतात. दोन्हीकडे पाणी सारख्याच खुणेवर थांबलं की पाय आहेत तिथे फक्की टाकायची. त्या खुणा जोडल्या की सलग समतल चराची आखणी झाली. शाळेत न गेलेली बाईसुद्धा हे अर्ध्या दिवसात शिकते, मग इंजिनिअरची वाट पाहावी लागत नाही.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे कमी पावसाचं, टँकरचं गाव. 1996 ते 2001 या काळात तिथे पाणलोटाचं काम झालं. पूर्वी शेतात वर्षाकाठी तीन-चार महिने मजुरी मिळायची, ती नऊ-दहा महिने मिळू लागली. आकडा छोटा दिसतो, पण कोयता घेऊन बिऱ्हाडासकट बाहेर पडायचं की नाही, हे त्यावरच ठरतं. हे फुकटात झालं नाही. चराईबंदीचा पहिला चटका शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांना बसतो, आणि ज्या गावाने त्यांची सोय आधी पाहिली नाही तिथे बंदी टिकत नाही.

2017 मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टला संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराखालचा ‘लँड फॉर लाइफ’ पुरस्कार मिळाला. हरिभाऊ उतारवयात मायदेशी परतले आणि 2021 मध्ये तिथेच वारले.

त्यांच्या अटींमधली एक मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे: उसासारखं पाणीखाऊ पीक वाढवायचं नाही. ढोकीची ओळखच तेरणा साखर कारखाना. मधली कित्येक वर्षं तो बंद होता, तेव्हा बाजारपेठेची काय अवस्था झाली ते इथल्या दुकानदाराला विचारा. त्यामुळे ऊस सोडा असं इथे सहज म्हणता येत नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण शिवारातल्या बोअरचं पाणी किती आणि त्यावर ऊस किती एकर, हा हिशेब फळ्यावर मांडून ग्रामसभेत बोलता येतो. उद्या चर आखायला कोणी हायड्रोमार्कर घेऊन माथ्यावर गेलं, तर हा विषय पहिल्याच बैठकीत निघेल. भांडण होईल. होऊ द्यावं.