डिप्रेशन फक्त मनाचं नाही, शरीराचंही दुखणं

सुरत : कतारगाम म्हणजे हिऱ्यांच्या कारखान्यांचा भाग. मंदीमुळे इथं काम घटलं, पगार घटला. घरभाडं आणि हप्ते मात्र तेवढेच राहिले. जुलै 2024 मध्ये डायमंड वर्कर्स युनियन गुजरात या संघटनेला रत्नकलाकारांसाठी आत्महत्या रोखण्याची हेल्पलाईन सुरू करावी लागली. नंदुरबार, धुळे, जळगावची कितीतरी कुटुंबं सुरतेत पोट भरतात. त्यामुळे हा विषय आपल्याही घरचा आहे.

घरात कोणी गप्प गप्प राहू लागलं की आपण म्हणतो, "टेन्शन नको घेऊ, मन घट्ट कर." पण डिप्रेशन हा निव्वळ मनाचा मामला नाही.

ताप आल्यावर भूक मरते, बोलावंसं वाटत नाही, पडून राहावंसं वाटतं. जंतूंशी लढताना शरीर सायटोकाईन नावाची रसायनं सोडतं आणि ती मेंदूवरही परिणाम करतात. यालाच दाह म्हणतात. ताप उतरला की तो शमतो. मात्र सततची काळजी, अपुरी झोप, तंबाखू, लठ्ठपणा यांमुळे हलका दाह महिनोन्‌महिने धुमसत राहू शकतो. हेपॅटायटिस सी च्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. त्यातल्या साधारण चारांपैकी एकाला डिप्रेशन येई. दाहाचा आणि उदासीचा संबंध यातून ठळक झाला.

दुसरी गोष्ट ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण तो ऑक्सिजन खातो सुमारे 20 टक्के. त्यातून फ्री रॅडिकल तयार होतात आणि लोखंडाला गंज चढावा तशी पेशींना इजा करतात. शरीरातली अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात. हा तोल बिघडला की दाह वाढतो, आणि दाहामुळे तोल आणखी बिघडतो.

मग दाह कमी करणारं औषध दिलं की झालं? तसं नाही. अमेरिकेत 60 रुग्णांच्या एका चाचणीत इन्फ्लिक्सिमॅब हे औषध वापरून पाहिलं, तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांच्या रक्तात दाह दाखवणारं सीआरपी जास्त होतं, त्यांच्यातच सुधारणेची चिन्हं दिसली. म्हणजे प्रत्येकाच्या डिप्रेशनमागे दाह असतोच असं नाही. तेव्हा मेडिकलमधून सुजेच्या गोळ्या आणून खाऊ नका आणि चालू असलेलं औषधही मनानं बंद करू नका.

वेळेवर झोप, रोजचं चालणं, डाळ-भाजी-भाकरीचं साधं जेवण आणि तंबाखू-दारूपासून लांब राहणं, यानं मदत होते. अर्थात, हप्ता थकलेल्या माणसाला नुसतं चालायला सांगून भागत नाही. त्याला काम मिळणं हाही इलाजच.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदासी राहिली, झोप उडाली, जगण्यात रस उरला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. सुरतेत न्यू सिव्हिल आणि स्मीमेर या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.