दोन बिरुदांपलीकडची अमेरिका

उदारमतवादी, परंपरावादी आणि इतर: काही नोंदी

• उदारमतवादी: एकोणिसाव्या शतकात ज्या शब्दाने मर्यादित शासन व खुला व्यापार यांचा बोध होत असे, तोच शब्द १९३३ मध्ये अध्यक्षपदी आलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपल्या ‘न्यू डील’ धोरणासाठी स्वीकारल्यामुळे, अमेरिकेत सरकारी हस्तक्षेपाने लोककल्याण साधू पाहणाऱ्या मताचा वाचक ठरला, युरोपात जुना अर्थ बव्हंशी कायम राहिला.

• परंपरावादी: बॅरी गोल्डवॉटर यांच्या १९६४ च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीने रूढ झालेली ओळख. मर्यादित केंद्रसत्ता, साम्यवादविरोध.

• पक्ष आणि मत एक नव्हेत: १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटात ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला, तेव्हा विरोधकांत २१ डेमोक्रॅट व केवळ ६ रिपब्लिकन होते, आजच्या पक्षरेषांनी तो काळ वाचू पाहणाऱ्याने हे आकडे अवश्य ध्यानी ठेवावेत.

• दोन अक्ष: आर्थिक स्वातंत्र्य आणि वैयक्तिक स्वातंत्र्य ही परिमाणे पृथक् मोजणारा आराखडा डेव्हिड नोलन यांचा. त्यांच्याच पुढाकाराने १९७१ मध्ये लिबर्टेरियन पक्ष स्थापन झाला.

• मतदार: फिलिप कॉन्व्हर्स यांच्या १९६४ च्या गाजलेल्या निबंधानुसार, सुसंगत विचारप्रणालीच्या आधारे राजकारणाचा विचार करणारे नागरिक अल्पसंख्य होते.

• तिसरा उमेदवार: रॉस पेरो, १९९२ ची अध्यक्षीय निवडणूक. सुमारे १९ टक्के लोकमत. निर्वाचक मत एकही नाही.

• नेब्रास्का: १९३७ पासून एकसदनी विधिमंडळ, त्याच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते.