एक शब्द, अनेक अर्थ : लेखांक ७ – ‘सँक्शन’

‘सँक्शन’ या इंग्रजी शब्दाचे दोन मुख्य अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत : मंजुरी आणि शिक्षा. पहिला मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातला. गृहकर्ज सँक्शन होते, रजा सँक्शन होते. वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ म्हणजे इंग्रजीतला ‘सँक्शन्ड लोड’. दुसरा अर्थ भेटतो तो परदेशी बातम्यांत. ‘सँक्शन्स ऑन इराण’ म्हणजे इराणवर लादलेले निर्बंध.

हे दोन्ही अर्थ एकाच मुळातून फुटले आहेत. लॅटिनमधील ‘सांकीरे’ या क्रियापदाचा अर्थ पवित्र करणे, विधिपूर्वक कायम करणे. ‘सेंट’ हा शब्दही त्याच कुळातला. कायदा मोडणाऱ्याला काय शासन व्हावे हे सांगणाऱ्या कलमाला रोमन कायद्यात ‘सांक्तिओ’ म्हणत. म्हणजे कायद्याला बळ देणारी गोष्ट तीच, आणि तो मोडल्यास अंगावर येणारी गोष्टही तीच. सम्राट सहावा चार्ल्स याने १७१३ साली वारसाहक्काविषयी काढलेली ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ ही ना परवानगी होती ना शिक्षा. तो राजाचा फर्मानवजा कायदा होता. हा जुना अर्थ आता इतिहासाच्या पुस्तकांपुरता उरला आहे. राष्ट्रांवरील निर्बंध हा अर्थ रुळला तो राष्ट्रसंघाच्या काळात. इटलीने १९३५ साली ॲबिसिनियावर आक्रमण केले, तेव्हा राष्ट्रसंघाने तिच्यावर ‘सँक्शन्स’ लादल्या. त्यातून खनिज तेल मात्र वगळले होते आणि पुढच्याच वर्षी त्या उठवल्याही गेल्या.

नाम म्हणून वापरताना वचन पाहिले की बहुतेक काम भागते. मंजुरीच्या अर्थी हा शब्द सहसा एकवचनी असतो : ‘द वर्क बिगॅन विदाउट द सँक्शन ऑफ द कौन्सिल.’ निर्बंधांच्या अर्थी तो बहुधा अनेकवचनी येतो, आणि त्याच्या सोबतची क्रियापदेही ठरलेली आहेत. सँक्शन्स ‘इम्पोज’ करतात, ‘ईज’ करतात, ‘लिफ्ट’ करतात. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतरचे वाक्य असे होईल : ‘द युनायटेड स्टेट्स इम्पोज्ड सँक्शन्स ऑन इंडिया इन १९९८.’

खरी अडचण क्रियापदाची. ‘मंजूर करणे’ हा क्रियापदाचा जुना अर्थ; ‘दंड करणे, निर्बंध घालणे’ हा विसाव्या शतकातला, आणि काही चोखंदळ लेखक तो अजूनही टाळतात. वाक्यात कोणता अर्थ आहे हे ओळखायला कर्म पाहावे. कर्म एखादे कृत्य, खर्च, योजना किंवा पद असेल तर अर्थ मंजुरीचा : ‘द कमिटी सँक्शन्ड द एक्स्पेंडिचर.’ कर्म व्यक्ती, कंपनी, जहाज किंवा देश असेल तर अर्थ शिक्षेचा : ‘द कमिटी सँक्शन्ड द प्लेयर.’ हीच कसोटी ‘सँक्शन्ड’ या विशेषणालाही लागते. ‘सँक्शन्ड टूर्नामेंट’ म्हणजे क्रीडासंघटनेने मान्यता दिलेली स्पर्धा. ‘सँक्शन्ड टँकर’ म्हणजे निर्बंधांच्या यादीत गेलेले जहाज. ‘अनसँक्शन्ड’ मात्र सरळ आहे : त्याचा नेहमीचा अर्थ विनापरवाना. ‘अनसँक्शन्ड स्ट्राइक’ म्हणजे संघटनेच्या संमतीशिवाय झालेला संप.

मथळ्यांत हा गोंधळ वाढतो, कारण तिथे नाम आणि क्रियापद सारखेच दिसतात. ‘यूएस सँक्शन्स फर्म’ मध्ये ‘सँक्शन्स’ क्रियापद आहे. ‘यूएस सँक्शन्स हिट फर्म’ मध्ये ते नाम आहे. साध्या लेखनात दंडाच्या अर्थी ‘पेनलाइज’ किंवा ‘इम्पोज सँक्शन्स ऑन’ लिहिणे केव्हाही बरे.

न्यायालयीन बातमीत वाचक हमखास अडखळतो. सरकारी नोकरावर खटला भरण्यापूर्वी काही प्रकरणांत सरकारची पूर्वपरवानगी लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम १९७ मध्ये होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम २१८ मध्ये आहे. ‘द गव्हर्न्मेंट ग्रँटेड सँक्शन टू प्रॉसिक्यूट द ऑफिसर’ या वाक्यात अधिकाऱ्यावर संकट आलेले दिसते, म्हणून ‘सँक्शन’ म्हणजे शिक्षा असा समज होतो. इथे अर्थ निव्वळ मंजुरीचा आहे, खटला चालवण्यासाठीची.

‘अप्रूव्ह’ आणि ‘सँक्शन’ यांची सरमिसळही टाळायला हवी. पसंती दाखवायला कोणीही ‘अप्रूव्ह ऑफ’ वापरू शकतो : ‘हर आँट अप्रूव्ह्ड ऑफ द मॅच.’ ‘सँक्शन’ला अधिकार लागतो. आत्याने स्थळ सँक्शन केले असे इंग्रजीत लिहिले तर ते थट्टेचे वाक्य होते. शिवाय ‘सँक्शन’ क्रियापदाला ‘ऑफ’, ‘टू’ असे काही लागत नाही. कर्म थेट येते. ‘दे सँक्शन्ड टू द प्लॅन’ हे चूक.

कर्जाच्या बाबतीत आणखी एक भेद सांभाळावा लागतो. मंजुरी आणि पैसे हातात पडणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. बँकेचे ‘सँक्शन लेटर’ म्हणजे अटींसह दिलेली मंजुरी. पैसे देण्याला ‘डिस्बर्स’ हे क्रियापद आहे. दोन्ही एका वाक्यात असे बसतात : ‘द लोन वॉज सँक्शन्ड इन जून बट डिस्बर्स्ड ओन्ली इन ऑगस्ट.’