हवा फुकट, जमीन घडवलेली

ला पाझला उतरणाऱ्या विमानात उलटाच प्रकार घडतो. विमान खाली येत असतं आणि आतली हवा मात्र विरळ होत जाते. एरवी उडत्या विमानाच्या केबिनमध्ये साधारण 2,400 मीटर उंचीवर असते तेवढी दाट हवा राखलेली असते. पण बोलिव्हियाचं सरकार जिथून चालतं, त्या ला पाझचा एल आल्तो विमानतळच आहे 4,061 मीटरवर. एकावर एक दोन कळसूबाई रचल्या, तरी त्याच्या खालीच राहतील! मग दार उघडण्याआधी केबिनला बाहेरच्या विरळ हवेशी जुळवून घ्यावंच लागतं.

विमानाला उचलते ती पंखांवरून वाहणारी हवा. एल आल्तोला तिची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. त्यामुळे जे विमान पनवेलजवळच्या नव्या विमानतळावर ताशी 250 किलोमीटरला जमीन सोडेल, त्याला तेवढ्याच वजनानिशी तिथे तीनशेच्या पुढे धावावं लागतं. आणि इंजिनांचा जोरही नेमका तिथेच कमी पडतो. टायरसुद्धा तो वेग सोसणारे लागतात. लांब पल्ल्याच्या विमानांनी कमी इंधनावर उडायचं आणि बोलिव्हियातल्याच सखल सांताक्रूझला उतरून टाकी भरून घ्यायची, ही तिथली जुनी रीत.

पनवेलला दाट हवा फुकट मिळाली. (मे महिन्याच्या दुपारी तीही दगा देते म्हणा, पारा दहा अंश चढला की घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते.) इथली अडचण पायाखालची. एल आल्तोला पठार आयतं होतं. इथे खाजण, खाडीचं भरतीचं पाणी, मधून वाहणारी उलवे नदी आणि वाटेत सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी. सुरुंग लावून टेकडी छाटली, तिचाच काळा दगड भरावाला घातला, नदीचं पात्र वळवलं, जमीन कित्येक मीटर उचलली. तेव्हा कुठे 3,700 मीटरची धावपट्टी आखता आली. कमळाच्या आकाराच्या टर्मिनलचे फोटो सगळे काढतात. मला विचाराल तर खरी करामत धावपट्टीखाली गाडलेली आहे.

8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी प्रवासी विमानं सुरू झाली. मात्र या जमिनीवर आधी घरं होती. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावठाणं विमानतळासाठी उठली. ही दहा नावं टर्मिनलमध्ये, बोर्डिंगच्या रांगेतून सहज वाचता येतील अशा ठळक अक्षरांत कायमची लावायला हवीत.