बटन दाबले, पण अर्थिंगचे काय?

बारामती-इंदापुरात वेल्डिंग, गॅरेज, मोटार रिवाइंडिंगची दुकाने चालवणाऱ्या बंधूंना आम्ही विचारतो, ‘ईएलसीबी तपासला का?’ उत्तर ठरलेले : ‘बटन दाबले, खटका पडला!’

एवढ्याने भागत नाही. आजच्या आरसीसीबीचे टेस्ट बटन फक्त आतली यंत्रणा तपासते. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी खटका पडतोच.

म्हणून वायरमनकडून मीटरने तपासणी करून घ्यावी. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 वर पडू नये. 30 वर 300 मिलिसेकंदांत, 150 वर 40 मिलिसेकंदांत पडावा. अर्थिंग वेगळे मोजावे.

वारंवार पडतो म्हणून थेट तार जोडू नये, गळती शोधावी. ओल्या फरशीवर ग्राइंडर धरणारा कारागीर घरचा कर्ता असतो.