उंच केलेल्या पिकअप गाडीची थरथर

पावसाळ्यात काळ्या जमिनीतील पाणंद रस्त्यांवर चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की, भरलेली पिकअप गाडी मधल्या वरंब्यावर टेकते. म्हणून मागील पाट्यांचे शॅकल लांब करण्याची व मोठे टायर चढविण्याची प्रथा पडली आहे. गाडी शेतातून सुखरूप निघते. परंतु टोमॅटोचे क्रेट घेऊन महामार्गास लागताच, ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाला तळातून थरथर सुरू होते. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात पोहोचेपर्यंत तळच्या क्रेटमधील फळ मऊ पडलेले असते.

अशा वेळी पहिला दोष टायरला दिला जातो. तो खरा की खोटा, हे थोड्या निरीक्षणाने कळते. २९ इंच व्यासाचे चाक ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदास सुमारे दहा फेरे घेते. प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साधारण चौपट फिरतो. सबब चाकाचा दोष हिसक्यांसारखा जाणवतो, शाफ्टचा दोष बारीक गुणगुणीसारखा. त्याच वेगाला एक गिअर खाली घेऊनही थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष समजावे.

शाफ्टच्या दोन्ही टोकांस क्रॉस असतात. क्रॉस कोनात फिरू लागला की पुढील भागाची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते व दोनदा घटते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असल्यास एकाची चढउतार दुसरा भरून काढतो. लांब शॅकलने मागील ॲक्सलचे नाक वर उचलले जाते, कोन विषम होतात आणि थरथर उरते. दुर्लक्ष केल्यास क्रॉसची बेअरिंगे झिजून शाफ्ट भर रस्त्यात निखळू शकतो.

मोजमाप गाडी सपाट जागी, चाकांवर उभी असताना, नेहमीइतके वजन भरून करावे. जॅकवर उचलून घेतलेले माप निरुपयोगी होय. गिअरबॉक्सचा व पिनियनचा कल कोनमापकाने पाहून, ते समांतर येतील अशी पोलादी पाचर पाटा व ॲक्सल यांमध्ये बसवावी. पाचरेची जाड बाजू मापावरूनच ठरवावी, अंदाजाने नव्हे. लाकडी पाचर नांगराला शोभते, येथे नाही. शाफ्ट दोन तुकड्यांचा असल्यास मधल्या बेअरिंगची उंचीही तपासून घ्यावी. शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही भागांवर खडूने एकच रेघ ओढावी व जोडताना ती जुळवावी. ही रेघ विसरल्याने नवीन क्रॉस घालूनही थरथर कायम राहते.

मोठ्या टायरचा दुसरा परिणाम गिअरवर होतो. २६ इंचांऐवजी २९ इंचांचे टायर घातल्यास त्याच वेगाला इंजिन दहा टक्के कमी फिरते. वरच्या गिअरला गाडी दमते, आणि काटा ६० दाखवीत असता खरा वेग ६७ च्या आसपास असतो. ४.१० चे क्राउन-पिनियन असल्यास ते ४.५७ च्या जवळपासचे घालावे लागेल, व तो खर्च मोठा आहे. मूळ मापाचे टायर परत बसविणे स्वस्त पडते. शिवाय नोंदणीतील तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरफारास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आड येते.

तोवर मुंबईस माल नेणाऱ्यांनी कसारा घाटाबाबत विशेष सावध असावे. मोठ्या चाकांमुळे इंजिनाची रोख कमी पडते व ब्रेक लवकर तापतात; म्हणून घाटमाथ्यावरच नेहमीपेक्षा एक गिअर खाली घेऊन मग उतरावे.