खिडकीचा रंग दिवाळीत नको

घराला रंग काढायचा तो दिवाळीच्या तोंडावर, हा आपला जुना रिवाज. भिंतींपुरता तो ठीक. पण रंगारी आलाच आहे तर खिडक्यांवरूनही एक हात मारून घेऊ, असं आपण म्हणतो आणि तिथेच फसतो. चार महिने पाऊस प्यायलेलं लाकूड ऑक्टोबरात वरून कोरडं दिसलं, तरी आतून ओलं असतं. त्यावर रंग बसला की ओल आतच कोंडते. उन्हाळ्यात ती बाहेर पडू पाहते, लाकूड आकसतं, रंगाला फोड येतात आणि पापुद्रे नखाने निघू लागतात.

सगळ्यात आधी खराब होते ती चौकटीची खालची आडवी फळी. उभ्या बाजूंवरून पाणी ओघळून जातं, या फळीवर ते साचतं. शिवाय ऊनही तिच्यावर थेट पडतं. लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांना धरून असतात. उन्हातले अतिनील किरण लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर उरतो सुट्या तंतूंचा करडा थर. या थरावर महागातला महाग लेप दिला, तरी तो धरणार सुट्या तंतूंना. तंतू गेले की लेपही गेला.

म्हणून डबा विकत घेण्याआधी पेचकस हातात घ्या. उभी चौकट आणि खालची फळी जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात टोक दाबून पाहा. ते सहज आत रुतलं तर लाकूड कुजलंय. तिथे लांबी भरून वेळ मारून नेऊ नका, सुताराला बोलवा. लाकूड टणक असेल तर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने, मग 120 नंबरच्या, शिरांच्या दिशेने घासा. करडेपणा जाऊन मूळ रंग दिसेपर्यंत. जुना ऑइल पेंट असेल तर मात्र जपून. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपर वापरा, तोंडाला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

आता लेप कोणता? फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. दिसायला देखणं, पण पाणी साचलं की पांढरट डाग पडतात. ते आतल्या बाजूलाच शोभतं. पारदर्शक वॉर्निश किंवा पीयू लावलं तर लाकडाच्या शिरा दिसतात, पण ऊनही आरपार जातं. लेपाखालचं लिग्निन मोडत राहतं आणि वरचा थर खालून सुटतो. वॉर्निशच हवं असेल तर अतिनील किरण अडवणारं, बाहेरच्या वापराचं घ्या आणि ते वरचेवर नव्याने लावायची तयारी ठेवा.

जवसाचं तेल लाकडात मुरतं, त्याचे पापुद्रे निघत नाहीत, पुन्हा लावायला खरवडावं लागत नाही. पण दमट हवेत त्यावर बुरशी पोसते आणि फळी काळी पडते. देशावर ते चालून जाईल, कोकणात जड जाईल. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग फेका.

रंगद्रव्य असलेला वुड स्टेन हा मधला मार्ग. शिरा थोड्या दिसतात आणि रंगाचे कण ऊन अडवतात. ऊन पूर्ण अडवतो तो प्राइमरवर दोन हात दिलेला ऑइल पेंट. तेव्हा खिडकी पश्चिमेला, वर छज्जा नाही, लाकूड साधं, तर सरळ ऑइल पेंट द्या. चांगलं सागवान आणि वर रुंद छज्जा असेल तर स्टेन. सागाला स्वतःचं तेल असतं, म्हणून लेपाआधी थिनरच्या फडक्याने ते पुसून घ्या.

लेप कोणताही असो, तो फळीच्या तोंडांना, म्हणजे कापलेल्या टोकांना, नीट पाजा. लाकूड सपाट बाजूपेक्षा तिथून कितीतरी जास्त पाणी ओढतं, आणि रंगारी नेमकं तेच विसरतो. फळीच्या खालच्या अंगाला लांबीभर बारीक खाच असेल तर ती रंगाने बुजवू देऊ नका. पाणी तिथे अडून खाली टपकतं, नाहीतर ते भिंतीत शिरतं.

या कामाचा हंगाम मार्च-एप्रिल. लाकूड खडखडीत वाळलेलं असतं आणि पाऊस लांब असतो. तापलेल्या फळीवर मात्र लेप लावू नका. तो वरच्यावर सुकतो, धरत नाही. फळी सावलीत असतानाच हात द्या.

पुढे दर मे महिन्यात तेल किंवा स्टेन दिलेल्या फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब गोल राहिले तर यंदा काही करायला नको. ते पसरून लाकूड काळवंडलं तर हलका पॉलिश पेपर फिरवून एक हात द्या. पेंट दिलेल्या फळीचे सांधे पाहा. चीर दिसली तर तेवढीच घासून, प्राइमर देऊन रंगवा. हे अर्ध्या दिवसाचं काम. चुकवलं तर दोन-तीन पावसाळ्यांनी सगळी फळी खरवडायची किंवा बदलायची पाळी येते, आणि आज सागाची नवी फळी बसवणं रंगाच्या डब्याइतकं स्वस्त नाही.